हंडा राखणारे

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत २०२१ साली पोलिसांनी सोन्याची २१६ नाणी जप्त केली. नाणी अठराव्या शतकातली, आणि त्यांच्यासोबत धातूच्या एका भांड्याचा तुकडा. बांधकामासाठी चाललेल्या खोदकामात ती हाती लागली, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. एकूण वजन दोन किलोच्या वर. म्हणजे ज्याला आपल्या आज्या ‘मोहरांचा हंडा’ म्हणायच्या तो खरोखरच निघाला, आणि तोही कुठल्या पडक्या वाड्यात नाही, तर फ्लॅटच्या जाहिराती लागलेल्या उपनगरात.

गोष्टीत आणि बातमीत फरक एवढाच, की बातमीतल्या हंड्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

गोष्टीत मात्र कुणीतरी बसलेलं असतंच. आपल्याकडे बहुधा नाग असतो. तो नाग म्हणजे त्या धनाचा मूळ कवडीचुंबक मालक, मेल्यावरही जीव त्यातच अडकलेला. कधी पिंपळावरचा मुंजा असतो. आणि तिकडे दूर आयर्लंडमध्ये असतो एक वीतभर उंचीचा, दाढीवाला, चिडका म्हातारा. कुंपणाच्या आडोशाला बसून तो एकच जोडा शिवत असतो. तो लेप्रेकॉन. इमोजी, सिनेमे, हिरवी टोपी, इंद्रधनुष्याच्या टोकाशी सोन्याचं भांडं, एवढं आपल्याला इंग्रजी माध्यमानं फुकटात शिकवलेलं असतं. मुंजाची ओळख मात्र बऱ्याच जणांना २०२४च्या सिनेमानं करून दिली.

आधी त्या आयरिश म्हाताऱ्याचं बघू, कारण त्याच्याबद्दल आपल्याला जे वाटतं त्यातलं पुष्कळसं अलीकडचं आहे. त्याचा सर्वांत जुना उल्लेख आठव्या शतकाच्या आसपासच्या एका कथेत सापडतो. फर्गस नावाचा राजा समुद्रकाठी झोपलेला असतो. काही बुटके जलचर त्याला उचलून पाण्यात ओढू लागतात. थंडगार पाण्यानं तो जागा होतो, तिघांना पकडतो आणि सोडायच्या बदल्यात पाण्याखाली वावरण्याची विद्या मिळवतो. फक्त एका तळ्यात उतरायचं नाही, अशी अट असते. राजा अर्थातच उतरतो. या कथेत ना जोडे आहेत, ना सोनं, ना हिरवा कोट. तो पाण्यातला जीव आहे. त्याच्या जुन्या आयरिश नावाचा अर्थ ‘छोट्या अंगाचा’ असा लावला जाई. २०१९मध्ये केंब्रिज आणि बेलफास्टच्या अभ्यासकांनी ते नाव प्राचीन रोममधल्या लुपर्काय या पंथापासून आलं असावं, असं मांडलं. आपल्या मातीतलं म्हणून मिरवावं आणि मुळाशी रोम निघावं, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

सोनं आणि जोडे त्याच्या वाट्याला नंतर आले. टॉमस क्रॉफ्टन क्रोकर यानं १८२५पासून दक्षिण आयर्लंडमधल्या अशा गोष्टी छापायला सुरुवात केली, आणि त्यातली एक गोष्ट मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत हुशार वाटते. एका शेतकऱ्याच्या हाती लेप्रेकॉन लागतो. दरडावल्यावर तो त्याला भल्यामोठ्या माळावर नेतो. माळभर पिवळ्या फुलांची रानटी झुडपं. त्यातल्या एका झुडपाकडे बोट दाखवून म्हणतो, याच्याखाली खण. शेतकऱ्याकडे फावडं नसतं. तो आपल्या मोज्याची लाल फीत त्या झुडपाला बांधतो आणि बुटक्याकडून शपथ घेतो, की ही फीत काढायची नाही. पळत घरी जातो, फावडं घेऊन येतो. बुटक्यानं शपथ पाळलेली असते, त्यानं फीत काढलेली नसते. माळावरच्या प्रत्येक झुडपाला हुबेहूब तशीच लाल फीत बांधलेली असते.

कुणी मेलं नाही, कुणाचं रक्त सांडलं नाही. लोभी माणूस फावडं खांद्यावर टाकून परत गेला, एवढंच.

आता आपल्याकडे या.

पुणं हे अशा राखणदारांचं जुनं गाव आहे. गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. शहराच्या मधोमध उभी असलेली सर्वांत उंच टेकडी वेताळाची. सेनापती बापट रस्त्यावर वेताळबाबा चौक आहे, धानोरीत मुंजाबा वस्ती आहे. बसच्या कंडक्टरनं रोज पुकारून पुकारून या नावांतली भीती केव्हाच घासून गुळगुळीत केली आहे. वेताळ टेकडीच्या पायथ्याच्या परिसरात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ आणि इतिहासकार. गावाबाहेरचे वेताळ, म्हसोबा, आयांची ठाणी, जुन्या पायवाटा आणि त्यांच्या कडेला सापडणारी अश्मयुगीन दगडी हत्यारं यांचा संबंध ते टेकड्यांवर हिंडून जुळवत होते. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे त्यांचं पुस्तक १९६२चं. दिवाणखान्यात बसून लोकदैवतांवर लिहिणाऱ्यांपेक्षा बूट झिजवणाऱ्याचं लेखन वेगळं कसं असतं, ते पाहायचं तर हे पुस्तक वाचावं.

बूट झिजवण्यावरून आठवलं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत, म्हणजे जयवंत दळवींच्या गावात, वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळच, पण कोकणात तो भुतांचा राजा कमी आणि गावाचा राखणदार जास्त. त्याला केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. का? तर तो रात्री गावाच्या सीमेवर गस्त घालतो, आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात. तळव्याशी झिजलेल्या चपला भाविक एकमेकांना दाखवतात. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ठिकठिकाणी असे राखणदार आणि देवचार आहेत. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंधारात वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारे. आयर्लंडमध्ये तो दुसऱ्यांचे जोडे शिवतो, आपल्याकडे दुसरे त्याच्यासाठी शिवतात. दोन संस्कृतींची तुलना इतक्या सोप्या वाक्यात करू नये हे मला ठाऊक आहे, पण मोह आवरत नाही.

लेप्रेकॉनला पकडण्याचा जो भाग आहे, तसा आपल्याकडे गिऱ्ह्याच्या बाबतीत आहे. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. रात्री नदी उतरणाऱ्याला भुलवून खोल पाण्यात नेतो. पण त्याचा केस ज्याच्या हाती लागला त्याचा तो चाकर होतो, सांगाल ते आणून देतो. केस मात्र जपून ठेवायचा. तो परत त्याच्या हाती गेला की संपलं. फर्गस राजा, पाणी, ओढून नेणं, पकडणं, अट घालणं, सगळा मसाला तोच. एकानं दुसऱ्याकडून उचलला असं मी म्हणत नाही. पाण्याची भीती आणि फुकट नोकराची हौस या दोन गोष्टी कुठल्याही गावात एकत्र नांदू शकतात.

तळ्यांची गोष्ट तर दोन्ही खंडांत जवळपास शब्दशः सारखी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी तळ्यांबद्दल आणि डोहांबद्दल सांगतात, की पूर्वी घरात लग्न निघालं की माणसं काठावर जाऊन हात जोडायची, लागतील ती भांडी सांगायची आणि सकाळी तांब्या-पितळेची भांडी काठावर हजर असायची. कार्य झालं की घासून परत ठेवायची. मग कुणा एकानं एक परात ठेवून घेतली, आणि तेव्हापासून तळं बंद झालं. ही भांडी देणाऱ्या बहुधा साती आसरा. आसरा म्हणजे अप्सराच, शब्द बोलून बोलून झिजलेला. इंग्लंडात सरे परगण्यातल्या फ्रेन्शॅम गावच्या चर्चमध्ये एक मोठी कढई आजही ठेवलेली आहे. पऱ्यांकडून उसनी आणली आणि वेळेत परत केली नाही म्हणून ती तिथंच राहिली, अशी तिची कथा. पंगतीच्या भांड्यांचं दुर्भिक्ष जिथं जिथं होतं, तिथं तिथं ही गोष्ट जन्मली असणार.

या गोष्टी आपल्यापर्यंत कशा आल्या, तो इतिहास भुतांपेक्षा विचित्र आहे. नाशिकचा कलेक्टर आर्थर जॅक्सन हा संस्कृतचा अभ्यासक. गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीवर उत्तरं मागवून तो लोकसमजुती गोळा करत होता. विहिरीत कोण राहतं, पिकाला दृष्ट लागली तर काय करतात, भुतांच्या जाती किती, असे प्रश्न. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला तो आला असताना अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. तो प्रसंग आपण शाळेत शिकतो. त्याच्या टेबलावरच्या कागदांचं काय झालं, ते शिकत नाही. रेजिनाल्ड एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं ते कागद लावले. गुजरातचा भाग आधी आणि कोकणचा भाग १९१५मध्ये छापून निघाला, आणि १९२४मध्ये त्यावरूनच ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक आलं. कोकणच्या भागात पानोपानी तळटिपांमध्ये अमुक गावचा शाळामास्तर, तमुक गावचा शाळामास्तर एवढीच ओळख आहे. नाव कुणाचंच ठळक नाही. मुंजा, झोटिंग, खवीस, हडळ, जाखीण, लावसट यांची व्यवस्थित वर्गवारी करून इंग्रज सरकारला पाठवणारे हे मास्तर, माझ्या मते, मराठी लोकसाहित्याचे पहिले वार्ताहर.

आयर्लंडनं हेच काम स्वतंत्र झाल्यावर, स्वतःसाठी केलं. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांमधल्या मुलांना वह्या देऊन घरी पाठवलं, की आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. पन्नास हजारांवर मुलांनी लिहिलं. त्या वह्या आज इंटरनेटवर आहेत, मोबाइलवर मुलांचं अक्षर जसंच्या तसं वाचता येतं. आपल्याकडे दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी एकेकट्यानं केवढं तरी काम उभं केलं. पण चौथीतल्या मुलाच्या हातची ती वही आपल्याकडे नाही, आणि आता त्या आज्याही नाहीत.

तरीही लेप्रेकॉनचा खरा मराठी भाऊबंद मला मुंजा वाटत नाही. मुंजा हा सोडमुंज होण्याआधी मेलेला पोरगा. त्याचं दुःख वेगळं आहे, त्याला लग्न हवंय. धनाशी त्याचं नातं पिंपळापुरतं आणि नंतर चिकटवलेलं. बुटका, ढेरपोट्या, सोन्यावर बसलेला आणि वर हसणारा असा जो आपल्याकडे होता, तो यक्ष. कुबेर हा यक्षांचा राजा, नऊ निधी त्याच्या ताब्यात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात गाभाऱ्याच्या एका बाजूच्या देवळीत जे दोन गुबगुबीत पुरुष बसलेत, ते शंखनिधी आणि पद्मनिधी हे यक्ष, असं मानतात. ‘महामायूरी’ या बौद्ध ग्रंथात कुठल्या गावात कुठला यक्ष राहतो याची लांबलचक यादी आहे. आपल्या ग्रामदैवतांची डिरेक्टरीच म्हणा.

त्या यादीतलं पीतंगल्य म्हणजे कन्नड तालुक्यातलं पितळखोरं, असं अभ्यासक मानतात. तिथल्या लेण्यांजवळ १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं मलबा उपसला, तेव्हा दगडाचा एक यक्ष निघाला. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचा. आखूड पाय, सुटलेलं पोट, गळ्यात दागिने, दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं भांडं, आणि कानापर्यंत फाकलेलं हसू. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. अर्थ असा, की कान्हदास नावाच्या हिरण्यकारानं, म्हणजे सोनारानं, हा घडवला. धन राखणाऱ्याची मूर्ती सोनारानं केली आणि खाली सही ठोकली. महाराष्ट्रातल्या शिल्पांवर घडवणाऱ्याचं नाव इतक्या जुन्या काळात क्वचितच मिळतं. हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी त्याचा फोटो ज्यांना ज्यांना दाखवला, ते प्रत्येक जण तो पाहून हसले. भ्यायलं कुणी नाही.

मग यक्ष गेला कुठं? त्याची बायको मागे राहिली. यक्षिणीचं प्राकृतात जक्खिणी झालं, आणि मराठीत जाखीण. कुबेराच्या दरबारातली ती मास्तरांच्या यादीत येईपर्यंत भूत झाली होती. काही गावांत तीच जाखाई म्हणून शेंदूर लावून अजून बसलेली आहे. यक्षाचं हसू मात्र हरवलं. त्याच्या जागी नाग आला, मुंजा आला, आणि ‘धन बळी मागतं’ हे वाक्य आलं. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, हंडे साखळ्या वाजवत जमिनीखालून चालतात, ‘येऊ का?’ असं विचारतात आणि बदल्यात थोरला मुलगा मागतात, नशिबात नसलेल्यानं उघडला तर आत कोळसे निघतात, या समजुती त्याच भोवती जमल्या.

धन पुरण्यात वेडेपणा नव्हता. बँक नव्हती, आणि सैन्य कधी येईल याचा भरवसा नव्हता. १७६३मध्ये निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं आणि जाळलं. ऑक्टोबर १८०२मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, आणि त्यानंतर शहरातल्या सावकारांकडून पैसा वसूल झाला. पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ. अशा वेळी माणूस चुलीखाली, तुळशीवृंदावनाखाली, गोठ्यात हंडा पुरतो, जागा एकालाच सांगतो, आणि तो एकटा परत येत नाही. पुढच्या पिढ्यांना आहे एवढं कळतं, कुठे ते कळत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत मांत्रिकाचा धंदा उभा राहतो.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक खून झाले. मेलेल्यांत लहान मुली होत्या. पिंपळाखालच्या मुंजाला कुमारिकांचं रक्त दिलं की गुप्तधन मिळेल आणि मूल होईल, या समजुतीतून ते घडवले गेले, असं सरकार पक्षानं न्यायालयात मांडलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल १९७७मध्ये लागला. तपास करणारे रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवरून २०२४मध्ये वेब सिरीज आली, ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्यात थरार आहे. पण मला राहून राहून वाटतं, की त्या गावात कुणाला तरी लाल फितीची गोष्ट ठाऊक असायला हवी होती. मांत्रिकानं ‘इथं खण’ म्हटल्यावर सगळ्या झाडांकडे एकदा नीट बघणारी.

ते बघायला शिकवत हिंडणारे नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मारले गेले. ज्या कायद्यासाठी ते दीड-दोन दशकं झगडले, त्याचा वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. गुप्तधनाचा शोध घेण्याच्या नावाखाली केलेली अमानुष कृत्यं आणि नरबळी यांचा त्याच्या अनुसूचीत नाव घेऊन उल्लेख आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. हंडा हा शब्द त्यात नाही. पण कुठल्याही मांत्रिकाला विचारा, त्याला कळतं कशाबद्दल चाललंय ते.

याउलट, या मंडळींना नुसतं घालवून द्यावं असंही मला वाटत नाही. १९९९मध्ये आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात लाटून इथं हमरस्त्याच्या आड एक काटेरी झुडूप येत होतं. ते पऱ्यांचं आहे, तोडाल तर रस्त्यावर माणसं मरतील, असं कथेकरी एडी लेनिहान यांनी वर्तमानपत्रांतून ठणकावलं. झुडूप वाचवून रस्ता झाला. एप्रिल २०२३मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर मोर्चानं निघाले, तेव्हा फलकांवर भूजल, मोर आणि हवा होती. ते योग्यच होतं. वेताळाच्या नावानं कुणी भीती घातली नाही. घालायला हवी होती का, यावर मित्रांत आमचं अजून एकमत नाही.

आणि समजा, उद्या तुमच्याच सोसायटीच्या पायात काही खणखणलं, तर? पायाळू शोधू नका. १८७८चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, की कलेक्टरला लेखी कळवायचं. मग जाहीर नोटीस निघते, शंभर वर्षांच्या आत ते धन पुरणारा कुणी दावेदार आहे का, याची चौकशी होते. कुणीच पुढे आलं नाही, तर वेगळा करार नसेल तेव्हा तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश जागामालकाचं. सरकारला ते स्वतःकडे ठेवायचं असेल, तर किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येतं. लपवून ठेवलं तर हिस्साही जातो आणि वर्षभराची कैदही होऊ शकते. दहा रुपयांची ती मर्यादा तेव्हापासून कुणी वाढवलेली नाही.